वस्तीतील मुले कॉलेजपर्यंत पोहोचावीत आणि त्यांच्यातून स्थानिक नेतृत्वही घडावे, यासाठी आमच्या मंडळाने काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत आपले मंडळ आहे, गणपतीच्या वर्गणीतून दरवर्षी काही रक्कम शिल्लक राहते आणि ती मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावी असे कार्यकर्त्यांना वाटते. त्यासाठी गरजू मुलांना शिष्यवृत्ती आणि निवडक मुलांसाठी नेतृत्वविकास शिबिर असे दोन उपक्रम सुरू करावेत का, असे आपण विचारले आहे. पुण्यातल्याच एका वस्तीत दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशासाठी मुलांना मदत करणाऱ्या गटात मी काम करते, त्यामुळे माझे मत अनुभवावरून बनलेले आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगते. दोन उपक्रम करू नयेत. एकच करावा, तो म्हणजे प्रवेशाच्या कागदपत्रांत आणि फेऱ्यांत मुलांना सोबत करणे, आणि त्यातही शिष्यवृत्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

गरीब विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे. वार लावून, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी, जेवणाऱ्या मुलांच्या आठवणी इथल्या कितीतरी घरांत सांगितल्या जातात. 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, जे आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते. 1955 मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली आणि तिच्या वसतिगृहांत राहून खेड्यापाड्यांतल्या अनेक पिढ्या शिकल्या. या संस्थांविषयी मला अतिशय आदर आहे. परंतु ही सारी व्यवस्था मुख्यतः बाहेरगावाहून ट्रंक घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासाठी उभी राहिली, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शासनाच्या योजनांतही तेच दिसते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा न मिळाल्यास निवास-भोजनाचा खर्च देणारी स्वाधार योजना त्या शहराचा रहिवासी असलेल्या मुलाला लागू होत नाही, कारण त्याचे घर इथेच आहे असे गृहीत धरलेले असते. ते घर दहा बाय बाराचे असते, त्यात पाच माणसे राहतात आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असतो, हे कोणत्याही अर्जात लिहिण्याची सोय नाही. आपल्या वस्तीतून सारसबाग ओलांडली की टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालय लागते. अंतराचा प्रश्न नाही, वसतिगृहाचा नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत शुल्काचाही पहिला प्रश्न नाही.

शुल्काचा नाही असे म्हटल्यावर कार्यकर्ते सहसा माझ्याकडे संशयाने पाहतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र यातल्या बऱ्याच सवलतींना एक अट असते, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला त्या मिळत नाहीत. ओळखीचा एखादा एजंट ‘राउंडची वाट कशाला बघता, सीट पक्की करून देतो’ असे सांगतो, घरचे दागिने मोडून पैसे भरतात आणि त्या क्षणी माफ होऊ शकणारे शुल्क चार वर्षांसाठी अंगावर येते. इथे मंडळाची शिष्यवृत्ती कितीशी पुरणार? जूनमध्ये योग्य वेळी योग्य माणूस त्या घरात जाऊन बसला असता तर तिची गरजच पडली नसती.

खरी अडचण कागदांची असते, आणि ती कॉलेजच्या दारात पोहोचण्याच्या दीड-दोन वर्षे आधी सुरू होते. जातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या शासनाने ठरवून दिलेल्या (मानीव) तारखांच्या आधी आपले कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. आपल्या वस्तीतली बरीच कुटुंबे त्यानंतर पुण्यात आली असतील. म्हणजे पुरावा आहे तो आजोबांच्या गावी, बहुधा तिथल्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये. त्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मिळवायचा तर शाळा उघडी हवी, मुख्याध्यापक जागेवर हवेत आणि आजोबा कधीकाळी शाळेत गेलेले हवेत. ते गेलेले नसतील तर चुलत आजोबा शोधावे लागतात आणि मग त्यांचे-आपले नाते दाखवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मांडावी लागते. उताऱ्यात नाव ‘शिवा’ आणि वडिलांच्या दाखल्यावर आजोबांचे नाव ‘शिवाजी’ असेल तर आणखी एक प्रतिज्ञापत्र. दाखला निघाला की पुढे जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र, त्याला आणखी महिने. हे सगळे बारावीच्या निकालानंतर सुरू करणाऱ्या मुलाला राखीव जागा हातची जाताना बघावी लागते, आणि घरात सर्वांची समजूत अशी होते की पोराचे गुण कमी पडले.

म्हणून आमच्या गटात आम्ही अकरावीच्या मुलांच्या पालकांना दिवाळीआधी गाठतो. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला बहुतेक घरे गावी जातातच. तेव्हा काय आणायचे, कोणत्या कार्यालयातून आणायचे आणि कोणाच्या नावाने अर्ज करायचा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. सुट्टीत शाळा बंद असते, हे लक्षात ठेवून एक दिवस आधी निघा, असेही त्यावर लिहिलेले असते. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे वर्ष आर्थिक वर्षाप्रमाणे चालते, म्हणून तो एप्रिल उजाडल्यावर नव्याने काढावा लागतो. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र कोणत्या 31 मार्चपर्यंत वैध आहे ते तारीख वाचून पाहावे; तोंडी ‘आहे आमच्याकडे’ या उत्तरावर विसंबू नये. बँकेच्या बाबतीत तर दरवर्षी कोणीतरी अडकते. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मंजूर झालेली रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मुलाने अर्ज करताना एक पासबुक दाखवलेले असते आणि आधार मात्र भलत्याच, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असते. रक्कम कुठे गेली हे कळेपर्यंत सत्र संपते.

आता नेतृत्वाकडे येते. वर सांगितलेली कामे कोणी करायची, या प्रश्नाच्या उत्तरातच आपला दुसरा उपक्रम आहे. आमच्याकडे ती कामे आदल्या वर्षी त्याच फेऱ्यांतून गेलेली मुले-मुली करतात. प्रथम वर्षाला असलेल्या मुलीकडे बारावीतल्या तीन-चार मुलांची जबाबदारी असते. त्यांची कागदपत्रे तपासणे, दाखल्यांसाठी सेतू केंद्रात सोबत जाणे, कॅपच्या विकल्प-अर्जात महाविद्यालयांचा क्रम लावताना शेजारी बसणे आणि दर आठवड्याला काय झाले, काय अडले हे सर्वांसमोर उभे राहून सांगणे, एवढे तिचे काम. पहिल्यांदा खिडकीवरचा कर्मचारी ‘उद्या या’ म्हणाला की ती गुमान परत येते. काही महिन्यांनी तीच ‘कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या’ असे शांतपणे म्हणते आणि बहुतेक वेळा काम तिथल्या तिथे होते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत भाषणकला, आत्मविश्वास, ध्येयनिश्चिती अशी व्याख्याने होतात. ती वाईट नसतात, पण सोमवारी सकाळी मुलांच्या हातात करण्यासारखे काहीच नसते. माझे हे मत थोडे एकांगी आहे हे मला मान्य आहे. ज्ञानप्रबोधिनीने 1962 पासून आणि राष्ट्र सेवा दलाने 1941 पासून पुण्यात नेतृत्वाचे शिक्षण दिले आहे, आणि त्यांची शिबिरे वर्षभर चाललेल्या कामाला जोडलेली असल्यामुळे फळाला येतात. एकाच रविवारचे शिबिर हा निराळा प्रकार आहे.

प्रवेश झाला म्हणजे संपले, असेही समजू नये. वस्तीतली मुले कॉलेज सोडतात ती बहुधा पहिल्या सत्रात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतले तास कळत नाहीत, वर्गात ओळखीचे कोणी नसते, घरी विचारण्यासारखे कोणी शिकलेले नसते. अमेरिकेत पोसी फाउंडेशन नावाची संस्था 1989 पासून यावर एक साधा उपाय करते. ती दहाएक विद्यार्थ्यांचा गट निवडून सर्वांना एकाच महाविद्यालयात एकत्र पाठवते, जेणेकरून कोणीही एकटे पडू नये. ती मुले निवडतानाही गुणांइतकेच गटात काम करण्याची वृत्ती आणि पुढाकार यांकडे पाहिले जाते. आपल्याकडे कॅपच्या फेऱ्यांत सर्वांना एकाच ठिकाणी पाठवणे शक्य नसते, पण कला-वाणिज्य-विज्ञानाच्या प्रवेशात दोघे-तिघे एका कॉलेजात जातील असे पाहता येते. जे वेगळ्या ठिकाणी जातात त्यांना रविवारी एकत्र बसवता येते. त्यासाठी जागा लागते, आणि इथून पुढचा भाग मला सर्वांत रोचक वाटतो.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातील छोटी कामे सुचवण्याची पद्धत 2006 पासून आहे. ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून द्यायचा असतो. ही सूचनापत्रे प्रामुख्याने सोसायट्यांतली, निवृत्त आणि नियमित वर्तमानपत्र वाचणारी मंडळी भरतात. आपल्या कॉलेजातल्या मुलांना ते भरू द्या. समाजमंदिरातल्या अभ्यासिकेला दिवे, पंखे, बाके हवीत, गल्लीतून मुली रात्री परत येतात तिथे प्रकाश हवा, अशी मागणी त्यांनी मोजमाप घेऊन, फोटो काढून, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन करावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा आणि तीस दिवस मोजावेत. काम मंजूर होईलच याची हमी नाही. पण ज्या मुलाने शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पाठपुरावा केलेला असतो, त्याला फाईल कोणत्या टेबलावर थांबते हे ठाऊक असते, आणि नगरसेवकाच्या कार्यालयात तो विनंती घेऊन जाण्याऐवजी अर्जाची पोच घेऊन जातो.

मुलींविषयी एक व्यावहारिक सूचना. मंडळाच्या बैठका रात्री नऊनंतर कट्ट्यावर होत असतील तर मुली येणार नाहीत, आणि मग ‘मुलींना रस नाही’ असा निष्कर्ष निघेल. बैठक सायंकाळी सहाला, बालवाडीच्या खोलीत ठेवावी आणि बचत गटातल्या एक-दोन महिलांना आवर्जून बोलवावे. आई समोर बसलेली असली की घरून परवानगी मागण्याचा प्रश्नच उरत नाही. शिक्षण निधीच्या बँक खात्यावर सह्या करणाऱ्यांमध्ये किमान एक मुलगी किंवा महिला असावी. महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी निवडणूक लढवता येते. त्या जागांवर कोणाची तरी पत्नी किंवा वहिनी म्हणून न येता स्वतःच्या कामावर उभी राहणारी उमेदवार वस्तीतून यायची असेल, तर तिला हिशेब मांडण्याची आणि सभेत विरोधी मत देण्याची सवय विशीच्या आतच लागलेली बरी.

राहिला शिल्लक रकमेचा प्रश्न. वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार यांवर ती खर्च करू नये, असे मी सुचवेन. नव्वद टक्केवाल्याला शाल-श्रीफळ द्यायला वस्तीत इतरही मंडळे आहेत. अठ्ठावन्न टक्केवाला त्या कार्यक्रमाला येतच नाही आणि आपल्याला गाठायचा असतो तो नेमका तोच. त्याऐवजी बिनव्याजी फिरता निधी करावा. प्रवेश निश्चित करताना भरायची रक्कम, अर्जांचे शुल्क, प्रतिज्ञापत्रांचा आणि गावी जाण्याचा खर्च यांसाठी त्यातून उसने द्यावे, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यावे. काही महाविद्यालये योजनेला पात्र असलेल्या मुलाकडूनही ‘आधी भरा, नंतर परत देऊ’ म्हणून पूर्ण शुल्क मागतात. तिथे लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नये. आधी संबंधित शासन निर्णयाची प्रत घेऊन दोघांनी प्राचार्यांना भेटावे आणि नकार लेखी मागावा.

निधी कोणाला दिला, किती परत आला, याचा तक्ता दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लावावा, मात्र त्यावर मुलांची नावे न लिहिता क्रमांक लिहावेत. नवी संस्था नोंदवण्याची घाई नको. मंडळाची नोंदणी आणि लेखापरीक्षण व्यवस्थित असेल तर स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र वही पुरेशी आहे. ज्या वर्षी निवडणुका असतील त्या वर्षी देणग्या आपोआप येतील. त्या घ्याव्यात की नाही हे आधीच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे, आणि अभ्यासिकेबाहेर फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर कोणाचाही फोटो नसेल, हेही त्यातच लिहावे.