मिनी स्पेक्ट्रोमीटर घेताय? आधी रेंज बघा

अरे, मिनी स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशात कुठल्या तरंगलांबीचा किती भाग आहे ते मोजणारं छोटं यंत्र) कुठल्या मॉडेलचा घेऊ हे नंतर विचार, आधी सांग नक्की काय मोजायचंय. एलईडीचा रंग बघायचा असेल तर ३८० ते ७८० नॅनोमीटरची रेंज पुरते आणि रिझोल्यूशन (किती जवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात ते) ५-१० नॅनोमीटर असलं तरी काही बिघडत नाही. पण सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या दोन रेषा वेगळ्या दिसायला हव्या असतील तर अर्ध्या नॅनोमीटरच्या आतलं लागेल, आणि ते बहुतेक चिमुकल्या मॉड्यूलना झेपत नाही.

आता खरी गोची स्लिटची, म्हणजे प्रकाश आत येतो त्या फटीची. स्लिट अरुंद केली की रेषा छान बारीक येतात पण प्रकाश कमी आत जातो, मग एक्सपोजर वाढवा, नॉइज वाढतो, म्हणजे एक हातात घेतलं की दुसरं सुटतं. फ्लुरोसन्ससारखा मंद सिग्नल असेल तर मी तरी रुंद स्लिटच घेईन.

सिलिकॉन डिटेक्टर साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच चालतो, त्यापुढे इनगॅस (InGaAs, इंडियम गॅलियम आर्सेनाइड) डिटेक्टर लागतो आणि तो भलताच महाग.

अ‍ॅब्सॉर्बन्स (सॅम्पल किती प्रकाश शोषतं ते) मोजणार असशील तर स्ट्रे लाइटचा (यंत्रात इकडेतिकडे विखुरलेल्या नकोशा प्रकाशाचा) आकडा नक्की बघ, हा लोक हमखास विसरतात. तो ०.१ टक्का असेल तर ३ च्या वरचं अ‍ॅब्सॉर्बन्स दिसणारच नाही, सॅम्पल कितीही गडद असो. रेंज मोठी असेल तर ऑर्डर सॉर्टिंग फिल्टर आहे का तेही विचार, नाहीतर ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ८०० वर भूत बनून दिसतो :)

आणि हो, एएस७३४१ सारखे रंग मोजणारे चिप-सेन्सर स्वस्त असतात पण त्यात दृश्य प्रकाशाचे ८ चॅनलच (ठरावीक रंगपट्टे) असतात, तो स्पेक्ट्रोमीटर नव्हे.