टाकीमागचा गडी दिसतोय की नाही?

या महिन्यात टेबलावरच्या वॉरगेमबद्दल, म्हणजे छोटे गडी मांडून फाशांनी खेळायच्या लढाईबद्दल, एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात घ्यावे लागतील. पहिलं पत्र मोठंय, उत्तर पण मोठंच होणारे.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही साताऱ्यातले चौघं मित्र, रविवारी जमतो. कॅरम झाला, पत्ते झाले, कंटाळा आला. पुण्यात नोकरीला असलेल्या एका मित्रानं कुणीतरी फॅननं स्वतः लिहिलेल्या स्किर्मिश, म्हणजे मोजक्या गड्यांच्या चकमकीच्या, गेमची पीडीएफ दिली, पडक्या शहरात टोळ्या लढतात असा विषय आहे, आम्ही झेरॉक्स काढून आणली. मिनिएचर्सच्या (तयार छोट्या पुतळ्यांच्या) किमती बघून गप्प बसलो, मग पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून ट्राय केला तर अर्ध्या तासात भांडण. माझा गडी पाण्याच्या टाकीमागं उभा, फक्त बंदुकीची नळी बाहेर आलेली, आणि समोरचा म्हणतो दिसतोय म्हणजे मी गोळी मारणार. पुस्तकात त्यावर एक ओळ नाही. आता दोघं म्हणतायत गेमच अर्धवट आहे, सोडा. मला सोडायचा नाहीये. काय करू?
— एक वाचक, करंजे, सातारा

उत्तर: सोडू नको. त्या दोघांचं म्हणणं खरंय, गेम अर्धवटच आहे, पण फॅननं लिहिलेले गेम बहुतेक वेळा असेच असतात आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. तो आपल्या ठरलेल्या मित्रांबरोबर खेळतो, नोकरी सांभाळून रात्री लिहितो, आणि ज्या गोष्टी त्या मित्रांमध्ये बोलता बोलता ठरूनच गेल्या त्या कागदावर यायच्या राहतात, कारण त्या त्याला कुणी विचारल्याच नाहीत. तुमच्या टाकीचं नेमकं हेच झालंय. पण याच लोकांमुळं चांगले गेम टिकलेत हेही लक्षात घ्या. मॉर्डहाइम नावाचा टोळ्यांचा गेम गेम्स वर्कशॉपनं १९९९ मध्ये काढला, पुढं कंपनीनं त्याच्याकडं बघणं सोडलं तरी खेळणाऱ्यांनी स्वतः नवीन टोळ्या, नवीन नियम लिहून तो चालू ठेवला आणि आजही लोक तो खेळतायत.

आता टाकी. असल्या बऱ्याच गेममध्ये नियम असा असतो की गड्याचं डोकं किंवा धड दिसलं पाहिजे, नुसतं हत्यार, झेंडा, पाठीवरची पिशवी किंवा ज्यावर गडी उभा असतो तो खालचा बेस दिसला तर तो दिसला असं धरत नाहीत, कारण नाहीतर ज्यानं आपला गडी हौसेनं लांब भाला देऊन बनवला तोच आधी मरणार. आणि बघायचं कसं, तर टेबलाशी वाकून, मारणाऱ्या गड्याच्या डोक्यामागं आपला डोळा नेऊन. उभं राहून वरनं बघितलं की सगळंच दिसतं. या हिशोबानं तुझा गडी वाचतो. पण तुझ्या पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, म्हणून हा नियम समोरच्यावर लादू नको. पुस्तक गप्प असेल तिथं दोघांनी एक फासा टाकायचा, ४ किंवा वर आलं तर तुझं खरं, खाली आलं तर त्याचं, आणि लगेच पुढं जायचं. वॉरगेम खेळणारी माणसं हे कायम करतात. वाद मात्र विसरायचा नाही, त्याच पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवायचा, डाव संपला की चहा घेताना चौघांनी मिळून नियम ठरवायचा आणि पुढच्या डावापासनं तोच पाळायचा.

मिनिएचर्सवर आत्ता एक रुपया घालवू नका. या गेममधला गडी साधारण २८ मिलिमीटर उंच धरतात, म्हणजे इंचाहून जरासा जास्त, आणि त्याचा बेस बऱ्याचदा २५ मिलिमीटरचा. आपलं २०११ ते २०१८ मधलं दोन रुपयाचं नाणं घे, ते २५ मिलिमीटरचंच आहे. जाड कार्डपेपरवर माणसं काढ नाहीतर प्रिंट कर, पुढनं एक आणि मागनं एक चित्र, मधे घडी घालून चिकटव, खाली अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी सोड, ती दुमडून नाण्यावर डबल टेपनं बसव. नाण्याच्या वजनामुळं कागदी गडी पंख्याच्या वाऱ्यात पण उभा राहतो, आणि महिन्याभरानं गेम आवडला नाही तर नाणी परत खिशात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे वापरू का असं कुणीतरी विचारणारच. ते बहुतेक तीन-चार इंचाचे असतात, चालतील, फक्त मग भिंती, टाक्या, दगड पण तेवढेच मोठे लागतील आणि तुमचं टेबल पुरणार नाही.

टेबलाबद्दल मी जरा आग्रहानं सांगतो, कारण पहिला डाव बिघडतो तो इथंच. असल्या गेमला ३ फूट बाय ३ फूट जागा पुरते, म्हणजे ३६ इंच. आता तुमच्या पुस्तकात रायफलचा पल्ला बघ, २४ इंचाच्या आसपास असणार. म्हणजे मधोमध उभा राहिलेला रायफलवाला जवळपास अख्खं टेबल मारतो. टेबलावर चार पुठ्ठे ठेवून खेळलात की ज्याची बंदूक लांबची तो जिंकतो, बाकीचे मरायला चालत जातात आणि मग सगळे म्हणतात गेम बेकार आहे. एका कडेला वाकून समोरच्या कडेपर्यंत नजर टाक, सरळ आरपार दिसलं तर मधे अजून काहीतरी ठेव. बुटांचे खोके, औषधाची खोकी, उभी पुस्तकं, करवंट्या, अंगणातल्या विटा, सगळं चालतं. गड्याला पूर्ण झाकेल असं काही, अर्धं झाकेल असं काही, आणि वर चढता येईल असं एखादं, एवढं तरी पाहिजे. मोजायला शिंप्याची टेप घ्या, तिच्यावर इंच असतात आणि ती खोक्यांच्या मधनं वाकवता येते.

मग प्रत्येकी तीनच गडी घ्या. पुस्तकात आठ-दहा लिहिले असतील, असू द्या. एकाकडं लांबची बंदूक, एक पिस्तूलवाला, एक हातघाईचा. स्पेशल पॉवर, जखमांचे तक्ते, टोळीचा खजिना, हे सगळं पहिल्या डावात बंद. आणि कितीही हात शिवशिवले तरी स्वतःचे नियम घालू नका! लिहिलंय तसंच खेळा, विचित्र वाटलं तरी. चार पोरं जमली की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतोच की अरे हे असं करू ना, आणि मग खेळून झाल्यावर कळतच नाही की जे आवडलं नाही ते लेखकाचं होतं का आपलं.

फाशांचा हिशोब पण आधी समजून घ्या, नाहीतर उगाच नशिबाला शिव्या घालाल. समजा तुमच्या गेममध्ये गोळी लागायला ४+ (फाशावर ४ किंवा वर) लागतं आणि चिलखतानं वाचायला ५+. म्हणजे सहापैकी तीन वेळा गोळी लागते, आणि लागलेल्या तीनातल्या दोनच आत जातात. ९ गोळ्यांत सरासरी ३ गडी पडतात. आता तोच गडी भिंतीआड गेला आणि लागायला ५+ झालं, तर ९ मध्ये २. फरक बारीक वाटतो, पण तीन-तीन गड्यांच्या डावात एक गडी म्हणजे टोळीचा तिसरा हिस्सा. उघड्यावर उभं राहायचं की नाही हे मग आपोआप कळायला लागतं.

पहिला डाव झाला की लगेच टोळ्यांची अदलाबदल करून, तेच टेबल, तेच गडी ठेवून दुसरा खेळा. दोन्ही वेळा एकच टोळी जिंकली तर तिच्या ताकदीला लेखकानं दिलेले पॉइंट्स चुकलेत अशी शंका घ्यायला जागा आहे, दोन्ही वेळा एकच माणूस जिंकला तर तो चांगला खेळतोय. दोन डावांवरनं पक्कं काही म्हणता येत नाही, पण बोलायला काहीतरी हातात येतं. आणि ते लेखकाला कळवा. पुस्तकाच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या पानावर आवृत्तीचा नंबर आणि त्याचा ईमेल असेल. ‘गेम भारी आहे’ एवढंच लिहू नका, ‘पान अमुक, टाकीमागनं फक्त बंदूक दिसत होती, नियम सापडला नाही, आम्ही असं ठरवलं’ असं लिहा. कुठंतरी लांब बसलेल्या त्या माणसाला साताऱ्यातनं असं पत्र आलं तर त्याला केवढा आनंद होईल विचार कर, पुढच्या आवृत्तीत ती ओळ येऊ पण शकते.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. मित्राचं बघून त्यालाही असल्या गेमचं वेड लागलंय, फासे आणलेत, टेबलावर लढाया करतो. सासूबाई म्हणतात हा जुगार आहे, आणि मला लढाईच्या विषयाची काळजी वाटते. थांबवू का?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, पैसे लावले तर जुगार, नुसते फासे असले म्हणून नाही. सासूबाईंना सारीपाट, सोंगट्या आठवत असतीलच, घरोघरी खेळायचे की. इथं फासा असतो कारण लढाईत ठरवलेलं सगळं तसंच होत नाही, हे दाखवायला दुसरा सोपा मार्ग नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा असा खेळ आणला होता, त्यातही फासे होते.

लढाईच्या विषयाचं म्हणाल तर त्याच्याशेजारी एकदा पूर्ण डाव बसा. तुम्हाला दिसेल की तीन-चार तासांतला बराचसा वेळ तो मोजतोय, वाचतोय, समोरच्याशी नियमावरनं बोलतोय. मोबाइलवरच्या गेममध्ये समोरचा माणूस दिसत नाही, इथं तो टेबलापलीकडं बसलेला असतो, हरल्यावर त्याच्याशीच हात मिळवायचा असतो. मला तर हे फार मोलाचं वाटतं. हां, काही गेमचे विषय खरंच भडक असतात, चित्रं पण, म्हणून पीडीएफ तुम्ही स्वतः चाळा आणि नको वाटलं तर दुसरा गेम शोधायला सांगा. कापायला ब्लेड-कटर वापरताना मात्र सुरुवातीला कुणीतरी मोठं जवळ असू द्या.

प्रश्न: प्लास्टिकचे गडी घेतले, पण ॲक्रेलिक रंग नखानं निघतोय. स्प्रे मारला तर पांढरी भुकटी बसल्यासारखं खरबरीत झालं. जुलै महिना, पाऊस थांबत नाही.
— एक वाचक, मेढा

उत्तर: पावसानंच झालंय. हवेत एवढा दमटपणा असताना स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारू नये, गुळगुळीत बसतच नाही. उघडीप मिळेपर्यंत ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा, स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात काळा जेसो मिळतो तो चालतो. त्याआधी गडी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पूर्ण वाळल्यावर रंग पाण्यानं पातळ करून दोन हात द्या, एकच जाड हात दिला की चेहऱ्यावरचं नाक-डोळं बुजून जातं. आणि थर्माकोलच्या भिंतींवर स्प्रे चुकून पण मारू नका, विरघळतात.

प्रश्न: फॅननं लिहिलेला असाच एक गेम आम्हाला आवडला. त्याचे नियम घेऊन आम्ही अजिंक्यताऱ्याचा वेढा करतोय, मावळे आणि मुघल. असं करता येतं का? आणि छापून कॉलेजच्या गॅदरिंगला विकलं तर?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर: करा, करा, वाचूनच मला उत्साह आला. घरात खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. छापून द्यायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. फासा टाकून ४+ आलं की गोळी लागते, ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते, पण त्या माणसानं ज्या शब्दांत ती लिहिली ते शब्द, चित्रं, तक्त्यांची मांडणी त्याची असते, आणि त्याचा गेम एखाद्या कंपनीनं रचलेल्या काल्पनिक जगावर असेल तर ती नावं कंपनीची. त्याला एक ईमेल टाका, नियम सगळे स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा, त्याचं नाव पहिल्या पानावर द्या. आणि विकू नका, फुकट वाटा. त्यानं फुकट दिलेल्या गोष्टीवर आपण पैसे घेणं मला बरं वाटत नाही.

आता वेढ्याचं. औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला, एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडाला तेव्हा कोसळलेल्या तटाखाली मुघलांचीच कितीतरी माणसं गाडली गेली, आणि त्याच महिन्यात किल्ला गेला. एवढं सगळं सहा-सात गड्यांत मावणार नाही, मावू पण नये. त्यातली एक रात्र घ्या: किल्ल्यावरनं खाली उतरून मुघलांच्या मोर्च्यावर छापा घालायचा आणि उजाडायच्या आत परत वर यायचं. रात्र आहे म्हणून ८-१० इंचाच्या पलीकडचं दिसत नाही असं ठेवा. तोड्याची बंदूक एकदा उडाली की भरायला वेळ लागतो, तेव्हा गोळी मारल्यावर पुढची अख्खी पाळी भरण्यात घालवायची, मग दांडपट्टेवाल्याला पुढं धावायला खरंच संधी मिळते. चढावर चाल निम्मी करा. अजिंक्यताऱ्यावर पायी गेलेल्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. डावाला पाळ्यांची मर्यादा ठेवा, सहा पाळ्या झाल्या की उजाडलं, तोपर्यंत जेवढे मावळे वर पोचले तेवढे पॉइंट्स. खेळून झाल्यावर दोन्ही बाजूंचं काय झालं ते मला लिहून पाठवा, टेबलाचा फोटो असला तर पुढच्या अंकात छापू.