शुश्रूषा करणाऱ्यालाही झोप हवी

घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या पत्रांत एकच समज पुन्हा पुन्हा दिसतो: मदत मागणं म्हणजे जबाबदारी झटकणं. या समजापायी लोक इतक्या उशिरा येतात, की तोवर त्या घरात दोन रुग्ण झालेले असतात.

प्रश्न: वडील अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना वर सरकवताना माझी पाठ धरते. कमरेला पट्टा लावू का?

पट्ट्यावर भरवसा ठेवून ओढत राहू नका. अंगाखाली चादर घालून दोघांनी सरकवायची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

प्रश्न: स्मृतिभ्रंश झालेल्या आईला आठवडाभर शुश्रूषा केंद्रात ठेवायचा विचार आहे. नातेवाईक म्हणतात, ती खचेल.

ठेवता येतं. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अनोळखी जागी गोंधळतात हे खरं, म्हणून आधी दिवसाच्या काही तासांपासून सवय लावा. बरोबर चष्मा, श्रवणयंत्र, नेहमीचं पांघरूण आणि औषधांची मात्रा-वेळेसह यादी द्या. जाण्याआधी तिच्या डॉक्टरांना दाखवा. नातेवाईकांना खरंच काळजी असेल, तर त्यांनी दोन रात्री सांभाळाव्यात.

प्रश्न: सासूबाई रात्रभर जाग्या असतात, मलाही झोप नाही. शेजारणीनं सांगितलेली झोपेची अर्धी गोळी देते. चालू ठेवू का?

स्वतःच्या मनानं वाढवू नका. बरेच दिवस देत असाल तर एकदम बंदही करू नका. गोळीची पट्टी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.

याच प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. उतारवयात औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. डायझेपामसारखी गुंगीची गोळी तर कित्येक दिवस. मग पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकाराच्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं 2005 मध्येच दिला आहे. ती कधी द्यावी लागतातही, पण तो निर्णय शेजारणीचा नव्हे.

आधी जागरणाचं कारण शोधायला हवं. कुठे दुखतंय का, पोट साफ होतं का, लघवी तुंबते का, दिवसभर डुलक्या लागतात का, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जाते का? बरळणं किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणंही त्यामागे असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुमची झोप? ती सासूबाईंना गोळी देऊन मिळवायची नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या दोन रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाकडे किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपवा आणि त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. थकून कोसळल्यावर नव्हे, आत्ताच. जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा 63 टक्के अधिक आढळल्याचा एक अमेरिकी अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तुमचं वय कमी असेल, पण रोजचं जागरण कुणालाच सोसत नाही.

प्रश्न: एक केंद्र ‘महिन्यात स्मृती परत’ असं म्हणतं. सगळे पैसे आधी भरायचे आहेत.

भरू नका. अल्झायमरमध्ये गेलेली स्मृती परत आणणारं औषध आज नाही. अशा जाहिराती थकलेल्या माणसाच्या आशेवर चालतात, याचा मला संताप येतो. बी-12ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून आधी तपासण्या करून घ्या. विसाव्यासाठी केंद्र हवंच असेल तर रात्री कर्मचारी किती असतात, रुग्णाला बांधून ठेवतात का, न कळवता भेटता येतं का, हे विचारा.

प्रश्न: भाऊ नुसतं ‘काही लागलं तर सांग’ म्हणतो.

वार आणि काम ठरवून सांगा.

प्रश्न: परवा मी वडिलांवर ओरडलो. हात उगारला. स्वतःचीच भीती वाटते.

हे लिहिलंत, बरं केलंत. असं वाटू लागलं की ते सुरक्षित आहेत एवढं पाहून खोलीबाहेर या आणि दुसऱ्या कुणाला आत पाठवा. आज रात्रीच कुणाला तरी मदतीला बोलवा. याच आठवड्यात स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. झोप, भूक, रडू, जीव नकोसा वाटणं, सगळं मोकळेपणानं सांगा. जीव द्यावासा वाटत असेल किंवा हात खरोखर उठला असेल, तर आठवड्याची वाट पाहू नका, आजच जा.