शिकार सुटली कधी?

प्रश्न : शेती सुरू होताच माणसाने शिकार सोडली का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नाही, हा बदल हजारो वर्षे रेंगाळला. आपल्या महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड या दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) घरांच्या अवशेषांबरोबर गव्हाचे जळके दाणे, पाळीव गुरांची हाडे आणि त्यांतच हरणांचीही हाडे मिळाली. तांबे ठाऊक असूनही ते दुर्मीळ असल्याने तेथील शेतकरी दगडाचीच बारीक पाती वापरीत. मात्र शेतीने जगण्याची रीत बदललीच : साठवलेल्या धान्याला पहारा आणि हिशेब लागतो, म्हणूनच मेसोपोटेमियातील उरुक नगरात इ. स. पू. ३३०० च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर जवाच्या नोंदी दिसू लागतात. शेतीला सरसकट प्रगती म्हणण्याची घाई मला पटत नाही, कारण अनेक ठिकाणी आरंभीच्या शेतकऱ्यांचे दात शिकाऱ्यांपेक्षा अधिक किडलेले आढळतात.