उन्हाळ्यात नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईला निघण्यापूर्वी कारच्या टायरमध्ये काय तपासावे?

सर्वांत आधी हवा तपासावी, आणि तीही टायर थंड असताना, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात सकाळी लवकरच. योग्य दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेला असतो. दुपारी पंपावर तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडून देणे मात्र चूक आहे, कारण टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते, आणि कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत धावताना सतत वाकून आतून इतकी तापते की ताशी १२० किलोमीटरच्या वेगात तो फुटू शकतो. हवेऐवजी नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही.

त्यानंतर झीज पाहावी. खाचांमधील उंचवट्याच्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत रबर झिजले असेल तर टायर बदलावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती, आणि एकच कड झिजली असेल तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ जुळणी, बिघडले आहे. बाजूला फुगवटा दिसल्यास खाचा कितीही खोल असोत, त्या टायरवर प्रवास करू नये.

टायरवरील चार आकडी खूणही वाचावी. ती टायर कधी बनला ते सांगते: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी कमी चालली असली तरी उन्हात उभ्या गाडीचे रबर जुने होऊन तडकते. स्टेपनीची हवा बहुतेक जण विसरतात, तीही भरून घ्यावी.