जॉब्सचा आकडा पोस्ट करण्याआधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज मिळाला. पक्षाच्या सोशल मीडियाचं काम तुझ्याकडे आलंय आणि पहिलीच पोस्ट रोजगारावर करायचीये, कर ना, छान कर. तू कोणत्या पक्षात आहेस याच्याशी मला देणंघेणं नाही. इंदूरमधे भंवरकुआँच्या कोचिंगमधे वर्षानुवर्षं फॉर्म भरत बसलेल्या पोरांच्या नावावर कोणी अर्धवट हिशेब खपवू नये, एवढंच मला वाटतं, आणि तू तर नाहीच नाही.

आधी आपल्याच राज्याचं बघ. २०२३-२४ च्या पीएलएफएसमधे, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगाराच्या सर्व्हेत, मध्य प्रदेशचा बेरोजगारी दर १ टक्क्याच्या आसपास आलाय, देशात अगदी खालच्या राज्यांत. आणि याच राज्याच्या रोजगार पोर्टलवर २५ लाखांहून जास्त तरुणांची नावं आहेत, हे सरकारनंच विधानसभेत सांगितलंय, त्यांना आता 'आकांक्षी युवा' म्हणतात. टीव्हीवर एक प्रवक्ता पहिला आकडा धरून बसतो, दुसरा दुसरा, आणि तासभर एकमेकांना खोटारडे ठरवतात. खरं म्हणजे दोन्ही आकडे कागदावर बरोबर आहेत. पोर्टलवर दुकानात काम करणारा मुलगाही सरकारी नोकरीसाठी नाव टाकून ठेवतो. आणि सर्व्हेत वर्षभराच्या हिशेबानं कोणी बाकी वर्ष रिकामं असलं पण ३० दिवस काम केलं तरी तो कामावर धरला जातो, आठवड्याच्या हिशेबानं तर ७ दिवसांत १ तासही पुरतो. पगार मिळालाच पाहिजे असंही नाही, देपालपूरकडे घरच्या सोयाबीनच्या शेतात राबणारी सून एक रुपया हातात न येता रोजगारात मोजली जाते. तिचे कष्ट मोजले जातात हे मला बरोबरच वाटतं, पण तिला मोजून मग "बघा किती नोकऱ्या दिल्या" म्हणणं, हे मला सहन होत नाही.

आता दिल्लीतला वाद. २०१७-१८ चा पहिला पीएलएफएस, देशाचा बेरोजगारी दर ६.१ टक्के. रिपोर्ट अडकला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मधे राजीनामा दिला, त्यात कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन होते. आकडा पेपरात फुटला, सरकार म्हणालं हा फायनल नाही, आणि निवडणूक झाल्यावर ३१ मे २०१९ ला तोच रिपोर्ट तसाच जाहीर झाला. तेव्हा हा सर्व्हे विरोधकांच्या तोंडी होता. पुढे त्याच सर्व्हेत दर ३.२ वर आला (२०२२-२३ मधेही आणि २०२३-२४ मधेही) तर सत्ताधारी तो मिरवायला लागले आणि विरोधक सीएमआयई या खाजगी संस्थेच्या आकड्यांकडे वळले, तिथे कोणाला कामावर धरायचं याची व्याख्या जास्त कडक आहे त्यामुळे दर वरच येतो. म्हणजे सर्व्हे तोच राहिला, बाजू बदलल्या. तुला यातलं काही करायचं नाहीये.

६.१ वरून ३.२, या घसरणीच्या आत काय आहे ते वाच, खरी गोष्ट तिथेच आहे. त्याच काळात शेतीवर काम करणाऱ्यांचा हिस्सा ४४.१ वरून ४६.१ टक्के झाला, स्वयंरोजगारवाले ५२.२ वरून ५८.४, त्यातलेच घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे १३.६ वरून १९.४, आणि नियमित पगारवाले २२.८ वरून २१.७ पर्यंत खाली आले. कामगार मंत्र्यांनी जानेवारी २०२५ मधे सांगितलेले १० वर्षांतले १७.१९ कोटी रोजगार (आणि त्याआधीच्या १० वर्षांतले २.९ कोटी) रिझर्व्ह बँकेच्या डेटामधले आहेत, त्यातही ही देपालपूरची सून आहेच. तुझा पक्ष सत्तेत असेल तर हे लपवू नकोस, विरोधात असेल तर "दर कमी झाला हे साफ खोटं" असंही लिहू नकोस. कमी झालाय, कशामुळे झालाय ते लिही.

पीएफच्या आकड्यांचं थोडक्यात, कारण ते दर महिन्याला येतात आणि पोस्टर बनवायला फार सोपे. पीएफ २० माणसं झाली की लागू होतो. समज सियागंजमधल्या एका पेढीत १९ जण आहेत, एक नवीन घेतला, तर नोकरी एकच तयार झाली पण पीएफच्या यादीत नवी नावं २० पर्यंत दिसू शकतात. कामगारांसाठी हे चांगलंच आहे, पण त्याला २० नव्या नोकऱ्या म्हणता येत नाही.

आणि इंदूरमधे बसून हे लिहितेस तर हुकुमचंद मिल लक्षात ठेव. १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, कामगारांची देणी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडलं. पगारी कामगाराने मिल बंद झाल्यावर हातगाडी लावली किंवा कोणाकडे चौकीदारी केली, तर कोणत्याही सर्व्हेत तो बेरोजगार नाही, दर जिथल्या तिथे. त्या घराचं काय झालं ते दरात कुठेच येत नाही, त्याच्यासाठी मजुरी आणि पगाराचा तक्ता उघडावा लागतो, आणि तो तक्ता कुठल्याच पक्षाचा सोशल मीडियावाला उघडताना मी बघितलेला नाही. तू उघड.

तुझे वरचे लोक म्हणतील एवढं कोण वाचतं, एक आकडा मोठ्ठा टाक आणि खाली फोटो लाव. टाक एकच आकडा, पण त्याच्याखाली वर्ष, सर्व्हेचं नाव आणि वर्षाचा हिशेब की आठवड्याचा हे बारीक अक्षरात का होईना लिही, आणि आपल्या पक्षाच्या राज्यातला त्याच सर्व्हेचा त्याच वर्षाचा आकडा शेजारी ठेव. तो ठेवायला ते तयार नसतील तर ती पोस्ट तुझ्या हातून जाऊ देऊ नकोस, स्पष्ट नाही म्हण. ड्राफ्ट झाला की मला पाठव, रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी तक्ते उघडून बसते.