आधी वही, मग घड्याळ

अगं पोरी,

पालथं पडून, डोकं पुढे ठेवून बर्फाच्या ट्रॅकवरून खाली घसरायचं, हा आपला स्केलेटन; आणि त्या स्लेडच्या खालच्या पोलादी पट्ट्या, म्हणजे रनर, बदलू का, हे तू पुन्हा विचारलंस. मागच्या पत्रात होतं, त्याआधी फोनवरही होतं. उत्तर तेच: नको. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हटलं तर तू फुगून बसशील, पण चाललंय तेच. तुझा स्टार्ट (वरचं पळणं) सुधारलाय आणि खालची वेळ जिथल्या तिथे आहे. म्हणजे वर कमावलेलं सगळं तू मधल्या वळणांत घालवतेस. कुठे घालवतेस, असं विचारलं तर उत्तर काय, तर "फेरी बरी झाली, सातव्याला जरा गडबड झाली." जरा म्हणजे किती? वळणात उशिरा शिरलीस की लवकर? स्लेड एकदाच वर चढली की दोनदा? बाहेर पडताना भिंतीला लागलीस हे मान्य, पण घसरायला कधी लागली होतीस? यातलं काही तुला सांगता येत नाही आणि खरेदीला मात्र निघालीस.

म्हणून तेच पुन्हा लिहिते, कंटाळा आला तरी वाच. खाली थांबलीस, स्लेड उचललीस, की वेळेच्या फलकाकडे बघायचं नाही. हेल्मेट काढायचं, वही काढायची आणि पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत जे आठवतं ते लिहायचं. पेन्सिलनं, कारण थंडीत पेन चालत नाही. सुवाच्य अक्षर कुणी मागितलेलं नाही. माझ्या एका पानावर असं आहे: "4 लवकर. 5 ठीक. 6 घाबरून गुडघा दाबला, गरज नव्हती. 7 म्हणून उशिरा, बाहेर डावा कोपर." बस, एवढंच. मग वर नेणाऱ्या ट्रकमध्ये बस, मग वेळ बघ, मग कोचचं ऐक. क्रम उलटा करायचा नाही.

कोच चिडतील. ते सातव्याला उभे असतात, त्यांच्या व्हिडिओत सातवंच दिसतं, आणि तू खाली पोहोचेपर्यंत वॉकीटॉकीवर निकाल आलेला असतो. ऐक त्यांचं, पण पान भरल्यावर. माझ्या त्या ओळीकडे पुन्हा बघ. कोपर लागला सातव्याला, पण चूक सहाव्यात होती, आणि सहाव्यातला तो गुडघा कुठल्याच व्हिडिओत नव्हता. या खेळात भिंत लागते ती बहुतेक वेळा एक-दोन वळणं आधीच ठरलेली असते. स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, तुला सांगतात की वेळ कुठल्या टप्प्यात गेली. का गेली, हे फक्त तुझ्या खांद्या-गुडघ्यांना माहीत असतं, आणि तेही थोडाच वेळ. एकदा चांगली वेळ डोळ्यांसमोर आली की वाईट वळणसुद्धा चांगलं आठवायला लागतं. वाईट वेळ आली की सगळीच फेरी वाईट. घड्याळ आठवणीत ढवळाढवळ करतं, म्हणून ते नंतर.

जर्मनीतल्या आल्टेनबेर्गच्या क्रायझलमध्ये, त्या लांबलचक गोल वळणात, तू डोकं वर ठेवायला धडपडतेस, हे तुझ्याच पत्रावरून कळतं. धडपडू नकोस. लांब वळणांत शरीरावर पाच जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट, दाब येतो, तिथे मान काही करू शकत नाही. हनुवटी बर्फापासून बोटभर असते, समोरचं दिसत नाही, पांढरा पट्टा नुसता नाकाखालून सरकत जातो. अशा वेळी दाब किती वेळा आला आणि कधी सुटला, एवढंच मोजायचं. आला, सुटला, आला, आता बाहेर. हे मोजणं ज्याला जमलं त्याला क्रायझल जमलं. आणि मोजलेलं ट्रकमध्ये बसेपर्यंत टिकत नाही, म्हणून...वही. हो, पुन्हा.

ट्रॅक-वॉकला जातेस ना? की फोनवर फोटो काढत खाली येतेस? स्पाइक्स घालून, प्रत्येक वळणाच्या तोंडाशी उभं राहून, हातानं रेषा काढत खाली ये. आदल्या दिवशीचं पान खिशात असू दे. जिथे पान आणि बर्फ यांचं जुळत नाही तिथे थांब. सेंट मॉरिट्झला हे सगळ्यात जास्त लागेल. तो ट्रॅक दर हिवाळ्यात बर्फ आणि पाण्यानं नव्यानं बांधतात, त्यामुळे गेल्या वर्षीची वळणं या वर्षी तंतोतंत तीच नसतात.

आता रनर. एकदाच सांगते. मागच्या भागात खाच असते, तिच्या दोन कडा बर्फात धरतात. धार जास्त तर पकड जास्त आणि वेग कमी. रनरला बाक दिला की बर्फाला टेकणारा भाग कमी होतो, स्लेड हलकी वळते आणि तितकीच चंचल होते. ज्याला आपली फेरी आठवत नाही त्याच्या हातात जलद रनर दिला तर तो चुका जलद करतो, दुसरं काही होत नाही. आहे तोच रनर नीट घास. व्हाइसमध्ये घट्ट बसव, लांबीच्या दिशेनंच हात चालव, आणि बारीक सँडपेपरकडे जायची घाई करू नकोस. आधीच्या कागदाचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत पुढचा कागद उघडायचा नाही. नख फिरवून बघ, दिव्याखाली तिरपा धरून बघ. संध्याकाळचे दोन तास यात जातात आणि जायलाच हवेत. शर्यतीच्या दिवशी मेण, तेल काही लावता येत नाही, आणि उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याच्या रनरपेक्षा तुझा 4 अंशांहून जास्त गरम निघाला तर बाद. तेव्हा रनरला जादूची कांडी समजणं सोड.

तू लिहितेस की दिवसभर राबून बर्फावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, बाकी सगळं ओझी उचलणं, घासणं, वाट बघणं. खरं आहे. एक फेरी मिनिटभराची, दिवसाला दोन, फार तर तीन. पोहणारा तासन्‌तास पाण्यात असतो, तुला तसं मिळणार नाही. इतकी कमी मिनिटं मिळत असताना ती न लिहिता सोडून देणं, हे मला आजही समजत नाही. तुझ्यासारख्याच दोघी-तिघी मुली मी पाहिल्यात, तंदुरुस्त, धीट, आणि तिसऱ्या मोसमातही पहिल्या मोसमातलीच चूक करणाऱ्या. फेऱ्या भरपूर झाल्या होत्या, नोंद एकीचीही नव्हती.

तू म्हणशील, ताई, एवढ्यानं काय फरक पडतो? 2002 साली सॉल्ट लेक सिटीला स्केलेटन 54 वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतलं, तेव्हा जिम शेचं सुवर्ण 0.05 सेकंदानं आलं. 2014 ला सोचीत चार फेऱ्यांची बेरीज 3 मिनिटं 54 सेकंदांच्या वर गेली होती, आणि केटी युलेंडरचं कांस्य 0.04 सेकंदानं हुकलं. ताशी 120 किलोमीटर वेगाला हे अंतर सव्वा मीटरहून थोडं जास्त भरतं. चार फेऱ्यांत मिळून एवढंच! सहाव्यातला एक फुकटचा गुडघा याहून जास्त खातो.

मला ठाऊक आहे माझ्याबद्दल काय बोलतात. पळता येत नव्हतं म्हणून वही धरून बसली. असेल. स्टार्टला मी कधीच वेगवान नव्हते. ते 25-40 मीटर वाकून पळताना मला कायम वाटायचं की स्लेड माझ्या पुढे निघून जाईल. वर गेलेला एक दशांश खाली तिप्पट होतो असं सगळे म्हणतात, आणि ते चूक नाही. मला वगळून जिला संघात घेतलं ती वर माझ्याहून चांगली होती. पण हा हिशेब ऑस्ट्रियातल्या इग्ल्सला चालतो. तिथे 14 वळणं आहेत, ट्रॅक सौम्य आहे आणि स्टार्टच बरंचसं ठरवून टाकतो. अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला 20 वळणं आहेत. तिथे त्याच मुलीच्या मागून सुरू करून मी तिच्या पुढे खाली यायचे, आणि का यायचे हे माझ्याकडे पेन्सिलनं लिहिलेलं आहे. निवड करणाऱ्यांनी ती पानं मागितली नाहीत. मागितली असती तरी निर्णय बदलला नसता, हे कळण्याइतकी मी आता म्हातारी झाले आहे. राग पूर्ण गेलाय असं मात्र म्हणणार नाही.

खंत आहे ती दुसरीच. त्या वह्या हल्ली कधी चाळते तेव्हा सगळी वळणं सापडतात, माणसं सापडत नाहीत. जिच्याबरोबर सलग हिवाळे एका खोलीत काढले, जी माझी स्लेड स्वतःच्या स्लेडबरोबर व्हॅनमध्ये चढवायची, तिच्याबद्दल एक ओळ नाही. तू दोन वह्या ठेव हवं तर. पण फेरीची वही पहिली.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. मागच्या आठवड्यात तू लिहिलंस, "नववं-दहावं आठवतच नाही, डोकं जड होतं, तरी पुढची फेरी केली." हे मला अजिबात आवडलेलं नाही. डोकं आपटल्यावर किंवा नुसत्या हादऱ्यांनी धुकं आल्यासारखं होतं, प्रकाश नकोसा होतो, मळमळतं. पानावर एखादं वळण कोरं राहिलं आणि डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. हिरवा दिवा लागल्यावर निघायला 30 सेकंद मिळतात; त्यात असले निर्णय घ्यायचे नसतात, ते खालीच घ्यायचे. यात माझ्याशी वाद घालू नकोस, कोचनं आग्रह केला तरी नाही.

वयाचं काय लिहिलंयस ते मी वाचलंच नाही असं समज. डफ गिब्सननं 2006 चं सुवर्ण 39 व्या वर्षी घेतलं, आणि लिझी यार्नोल्ड हेप्टॅथलॉन या दुसऱ्याच खेळातून आली ती 2014 आणि 2018 अशी दोन सुवर्णं घेऊन गेली. विषय संपला.

आता काम. या आठवड्यातल्या सरावाच्या सगळ्या फेऱ्यांची पानं मला पाठव, फोटो चालतील. वेळा पाठवू नकोस, स्प्लिटही नकोत. मी पानांवरून सांगते कुठली फेरी जलद होती आणि कुठली हळू, मग तू तुझ्याकडच्या वेळांशी ताडून बघ. पाच-सहा पानांत माझं चुकलं, तर रनरचं बोलू. आणि सँडपेपर नवा घे, गेल्या फोटोत दिसला तो पार गुळगुळीत झालाय.

तुझी,
ताई